दोघांपुरती शेगडी

आत्या, परवा आम्ही शेगडी घेतली. लहानशी. दोन वांगी शेजारी शेजारी मावतील एवढी जाळी, खाली राख पडायला पत्र्याचा खण, पुढं वारा घ्यायला एक झडप आणि वर झाकण. तुम्ही दिलेली मोठी शेगडी आता आमच्या गॅलरीत नाही. ती कुठं गेली हे तुम्हाला सांगितलं पाहिजे असं कालपासून वाटतंय, म्हणून शिवणाचं मशीन बंद करून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन दहा-बारा वर्षं झाली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, घरी आलेलं पत्र तुम्ही माझ्याकडूनच वाचून घ्यायचात. म्हणजे तुम्ही असतात तरी हे मलाच तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुमच्या समोर बसून यातलं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. त्या मानानं आज बरं आहे.

लग्न होऊन घोडेगावच्या वरच्या अंगाला तुमची सून म्हणून तुमच्या घरी आले, तो पहिला महिना मला अजून आठवतो. माहेरी जुन्नरला शिवणाचा क्लास केलेला, त्यामुळं सगळं मोजून करायची हाताला सवय. मागच्या छपरात तुमची चूल, शेजारी वैल, आणि भाकऱ्या होत आल्यावर चुलीतून पुढं ओढलेला लालभडक आर. तुम्ही म्हणालात, वांगी भाजायला घाल. मी घरातली माणसं मनात मोजली आणि तितकी वांगी तेल लावून आरात घातली. तुम्ही भाकरी थापता थापता मान वळवून बघता आणि विचारता, "आन् पावण्याचं?" मी म्हटलं, कोण येणार आहे? "यील कोनतरी. न्हाई आलं तर सकाळच्याला देऊ कुनाला. मानसं मोजून वांगी घालायची न्हाईत, पोरी. शिवनाचं कापड हाय का ते?" मला फार राग आला होता. जाऊबाई पदरात तोंड घालून हसत होत्या, त्यानं जास्तच. मुकाट्यानं उठून एक वांगं आणखी घातलं. आणि जेवायला बसणार तेवढ्यात मुक्कामी एसटीचा कंडक्टर कळशी घेऊन पाणी मागायला दारात उभा. तुम्ही त्याला बसवलंत, वाढलंत, आणि माझ्याकडं असं काही बघितलंत की मी पुढं आयुष्यभर एक वांगं जास्त घालत आले.

वर्षभरानं तुमच्या लेकाला आळेफाट्याच्या गॅरेजमध्ये वेल्डिंगचं काम लागलं. हायवेच्या कडेला एका हॉटेलच्या वर दोन खोल्या आणि वीतभर गॅलरी मिळाली. निघायच्या वेळी तुम्ही छपरातून ती शेगडी ओढत बाहेर काढलीत. ट्रकच्या चाकाची जुनी रिम, तिला गावच्या लोहाराकडून पाय लावून घेतलेले, वर सळयांची गोल जाळी. लेकाकडूनच रिम मागवून घेतलीत आणि कशाला पाहिजे ते त्याला सांगितलं नाहीत. टेंपोत चढवताना दोन माणसं लागली. मी म्हटलं, आत्या, आम्ही दोघंच तर आहोत. तुम्ही म्हणालात, "सध्या दोघं. उद्या घर भरलं म्हंजे पुन्ना नवी कुठं घेत बसायची?" वाढत्या अंगाच्या मुलीचा फ्रॉक शिवताना शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, तशी ती शेगडी होती. मला तेव्हा तिचं कौतुकच वाटलं. लाजलेसुद्धा असेन.

ते 'सध्या' तिथून सुरू झालं. घर काही भरलं नाही. आधी कुणी विचारलं की मीच सांगायची, होईल की, घाई काय आहे. मग नारायणगावचा दवाखाना झाला, मग पुण्याचा. पुण्याच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट समजावून सांगितलं, दोष कुणाचा ते बघत बसू नका म्हणाले. आम्ही बसलो नाही. परत येताना एसटीत तुमच्या लेकानं सगळा रस्ता माझी पिशवी मांडीवर धरली होती, एवढंच. तुम्हाला आम्ही काही सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारलंही नाहीत. पण घोडेगावच्या स्टँडवर एकदा तुमच्या भावकीतल्या बाईनं गाडीची वाट बघता बघता सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय गं, किती मानसं तुमी आळेफाट्याला?" तिला आकडा ठाऊक होता, तरी तो माझ्या तोंडून ऐकायचा होता. मी खाली बघत होते. तुम्ही पिशवीतला पेरू तिच्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "सध्या दोघं हायती," आणि लगेच तिच्या सुनेच्या गुडघेदुखीची चौकशी सुरू केलीत. त्या एका शब्दाच्या आड मी उभी राहिले, आत्या. नंतर मीही तोच वापरायला लागले. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका विचारायच्या, गॅसवाला विचारायचा, जनगणनेचा माणूस आला त्यालासुद्धा मी म्हटलं, सध्या दोघं. त्यानं फक्त दोन लिहिलं.

शेगडी मात्र अडून बसली. तिला पुरती पेटवायची तर घमेलंभर कोळसा लागायचा, आणि दोन कणसं भाजून झाली तरी बाकीचा आर तसाच धगधगत राहायचा. घरमालक खालून ओरडायचे, गॅलरीची फरशी तडकंल. थोडा कोळसा घालावा तर एवढ्या पसरट रिमेत तो इकडंतिकडं पांगायचा आणि धुमसून विझायचा. शेवटी आम्ही तिच्यावर कपड्यांची बादली ठेवायला लागलो. तुम्ही भेटायला यायचात तेव्हा आल्या आल्या पाणी पिऊन गॅलरीत डोकावायचात, "पेटिवता का न्हाई?" म्हणून. म्हणून तुमच्या लेकानं एक युक्ती काढली. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी खालच्या हॉटेलातून टोपलंभर राख आणायची आणि शेगडीत पसरून ठेवायची. दोनदा-तीनदा खपलं. तुमच्या शेवटच्या खेपेला तुम्ही वाकून चिमूटभर राख बोटांत चोळलीत आणि त्याला म्हणालात, "ही हाटेलाची हाय. कोळशात दगड घालत्यात ते लोक. बाभळीची राख कशी मैद्यावानी आसती." तुमचा लेक पन्नास टनाचे ट्रक जॅकवर उचलून धरणारा माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. मला हसू आवरेना, आणि मग तुम्हीही हसलात.

मग तुम्ही तिथंच बसकण मारलीत. माझ्याकडून कोळसा मागून घेतलात, रिमेच्या एका कडेला ढीग केलात, मागं दोन विटा उभ्या केल्यात आणि सुपानं वारा घालत बसलात. दुपारभर खालून ट्रकचे हॉर्न येत होते. तीन कणसं भाजलीत, एकेक आमच्या हातात दिलंत, आणि स्वतःचं सोलता सोलता म्हणालात, "एवढ्या मोठ्या भांड्यात इवलासा इस्तू जीव धरीत न्हाई." मी तेव्हा समजले शेगडीबद्दल म्हणताय. नंतर कितीतरी वेळा वाटलं की तुम्हाला सगळं ठाऊक होतं. पण संध्याकाळी निघताना हॉटेलवाल्यांच्या बायकोनं जिन्यात तुम्हाला पोराबाळांचं विचारलं, तेव्हा तुम्ही परत तेच म्हणालात, सध्या दोघं. म्हणजे काय समजायचं मी? त्या थंडीत तुम्ही गेलात, आणि विचारायचं राहिलं.

तुम्ही गेल्यावर ती शेगडी हलवायचा विषय आम्ही काढला नाही. बादली तिच्यावर, साबण जाळीच्या कडेला. पण यंदा तुमच्या लेकाच्या तोंडाची चव अचानक जागी झाली. वय झालं की असं होतं की काय कोण जाणे. गॅसवरचं भरीत म्हणजे उकडलेली भाजी हाय म्हणे. बोंबील गॅसवर भाजले तर दोन दिवस घर आणि शिवायला आलेली कापडं दोन्हींना वास. माझ्या गिऱ्हाईकानं नाक मुरडलं तेव्हा मीच त्याला म्हटलं, तुम्ही एवढे वेल्डर, एक लहान शेगडी करता येत नाही तुम्हाला? हीच कापून अर्धी करा. तो एका रविवारी रिम गॅरेजमध्ये घेऊन गेला. मी डबा द्यायला गेले तेव्हा रिम कट्ट्यावर उलटी ठेवलेली, खडूनं रेघ मारलेली, डोळ्यांना काळा चष्मा, हातात पेटलेला कटर. दिवसभर ट्रक कापणारा माणूस. तो नुसताच उभा होता. मग कटर बंद केला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "गॅस संपलाय. सिलिंडर मागवावा लागंल." भरलेला सिलिंडर सकाळीच टेंपोतून उतरताना मी पाहिला होता. मी डबा ठेवला आणि म्हटलं, बरं. संध्याकाळी रिम होती तशी परत गॅलरीत आली.

मग त्यानं दुसरं डोकं चालवलं. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम आणला. आकार अगदी बेताचा, खोल, कोळसा पांगायचा प्रश्नच नाही. गॅरेजमधली माणसं हिवाळ्यात त्यातच शेकतात. घासला, धुतला, जाळी बसवली. पहिल्या दिवशी मी वांगी ठेवली आणि पंधरा मिनिटांत गॅलरीत घाट उतरणाऱ्या ट्रकच्या चाकांना येतो तसा वास. वर्षानुवर्षं मुरलेलं ग्रीस ते, दोन धुण्यांत थोडंच जाणार? भरीत मी टाकून दिलं. तो म्हणत होता, आणखी दोन-चारदा पेटवू, जाईल वास. पण ते धूड आतबाहेर करायला मला उचलेना, आणि माझी कंबर त्याच्या प्रयोगापेक्षा महत्त्वाची होती. पांढऱ्या पत्र्याची बादली आतून माती लिंपून वापरावी असं मी सुचवलं, तुमच्याकडं पाहिलं होतं तसं. तर म्हणाला, "नगं. ती जस्ताची असती. तापली का तिचा धूर नाकात जातो, मंग रातभर हुडहुडी. वेल्डिंगला आमाला लई येळा झालंय." एवढं माहीत असलेल्या माणसाला ग्रीसचा वास कसा कळला नाही, हे मी त्याला विचारलं. त्यानं ड्रम उचलला आणि जिना उतरायला लागला.

मध्ये पुण्याला कापड आणायला गेले होते, तिथं एका मोठ्या दुकानात चाकांची, चकचकीत झाकणाची शेगडी दिसली. बार्बेक्यू म्हणतात तिला. विकणाऱ्या बाईनं हसून विचारलं, फॅमिलीत किती जण? मी सवयीनं म्हटलं, सध्या दोघं. ती म्हणाली, मग मोठीच घ्या ना मॅडम, पुढं लागेलच. माझे पिकलेले केस तिला दिसत नव्हते असं नाही, पण मी 'सध्या' म्हटल्यावर ती बिचारी दुसरं काय म्हणणार? रिकाम्या हातानं आले. येताना गाडीत लक्षात आलं की आमच्या घरातलं सगळं असंच आलंय. कुकर मोठा, कणकेचा डबा मोठा, पलंगाखाली दोन जादा गाद्या. जिथं जिथं मी तो शब्द म्हटला तिथून एक मोठी वस्तू घेऊन आले. तळाशी दोन मुठी डाळ घातलेला कुकर शिट्टी करायला किती वेळ घेतो ते मला विचारा.

परवा जुन्नरचा बाजार होता, दोघंही गेलो. माझ्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी एका मुसलमान चाचांचं दुकान आहे, पत्र्याच्या पेट्या, कोठ्या, शेगड्या सगळं स्वतः बनवतात. मी लहान असल्यापासून ठोकाठोकी ऐकते. त्यांनी वेगवेगळ्या आकाराच्या शेगड्या पुढं मांडल्या आणि विचारलं, "बेटी, घरात मानसं किती?" माझं तोंड उघडलंच होतं. तुमचा लेक एक शेगडी उलटी करून तिचे जोड तपासत होता, तो मान वर न करता म्हणाला, "दोघं."

नुसतं दोघं. मी त्याच्याकडं बघितलं. तो झडप वरखाली करून बघत होता. चाचा म्हणाले, "आन् पावनंरावळं आलं तर?" तो म्हणाला, "आलं तर दोनदा भाजू."

चाचांनी मान हलवली, मोठ्या दोन मागं सरकवल्या आणि ही पुढं केली. वांग्याला आर आणि जाळीत चार बोटं अंतर ठेवा, कणसाला जाळी वरच्या खाचेत लावा, धुरकट चव पाहिजे असंल तर शेवटी झाकन घालून झडप बंद करा, एवढं सांगितलं. तुम्ही मठ्ठ्यात वाटी ठेवून तिच्यात इंगळ आणि वर तूप सोडून धुंगार द्यायचात, त्याची मला आठवण झाली. शेगडी मी एका हातात धरून स्टँडपर्यंत आले. तो म्हणाला, दे इकडं. मी दिली नाही. इतकी वर्षं एकमेकांना सांभाळून घेताना आम्ही तो शब्द एकमेकांसमोरही वापरत होतो, आत्या. त्यानं तो कधी सोडला, मला न सांगता, ते मला कळलं नव्हतं. वाईट वाटायला पाहिजे होतं. आळेफाट्यापर्यंत मी वाट बघितली वाईट वाटण्याची. हलकं वाटत राहिलं.

तुमची शेगडी काल सकाळी खालच्या हॉटेलवाल्यांना दिली. उतरवायला पुन्हा दोन माणसं लागली. रिमेवर खडूची रेघ अजून होती, ती तुमच्या लेकानं हातानं पुसली. त्यांनी ती हायवेच्या कडेला मांडली आहे. मी गॅलरीतून बघते, तर जाळी कडेपर्यंत कणसांनी भरलेली, भोवती नाशिककडं जाणारे ड्रायव्हर गोल उभे, कुणी मीठ-लिंबू चोळतंय, कुणी फुंकर मारतंय. इतका कोळसा एकदम पेटला की ती किती चांगली चालते हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही बरोबर केली होती ती. तुमच्या मोजण्यात चूक नव्हती, एवढंच मला तुम्हाला म्हणायचंय. आणि विचारायचंय ते हे, की 'सध्या' तुम्ही मनापासून म्हणत होतात का माझ्यासाठी म्हणत होतात? मनापासून असेल तर मला तुमच्यासाठी वाईट वाटतं. माझ्यासाठी असेल तर, आत्या, ते फार वर्षं पुरलं.

हे पत्र मी त्याला दाखवणार नाही. मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली राहील. एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी नवी शेगडी पेटवली, मूठभर कोळशातच तिनं धग धरली. मी सवयीनं तीन वांगी आणली होती. दोन जाळीवर बसली. ती भाजून, सोलून, मीठ-मिरची लावून आम्ही गॅलरीतच खाल्ली, तरी आर राहिला होता. तो तिसऱ्याकडं बघून म्हणाला, "भाज की." मी म्हटलं, पावण्याचं आहे. जिन्याकडं कान देऊन आम्ही थोडा वेळ बसलो. मग मीच ते वांगं जाळीवर ठेवलं आणि झाकण घातलं. इतकी वर्षं ते सकाळी कुणा ना कुणाला देत आले. काल आम्हीच खाल्लं, अर्धं अर्धं. आणि लई चांगलं लागलं.